श्रीमती रमाबाई रानडे : माजघरातून सेवासदनापर्यंत

थोर पुरुषांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. त्यांत सभा असतात, ग्रंथ असतात, सरकारदरबारी झालेले मानसन्मान असतात. परंतु तो पुरुष ज्या घरात राहिला त्या घरात पहाटे चूल कोण पेटवीत असे, पाणी कोण भरीत असे, सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेसुरले कोण खात असे, याचा उल्लेख चरित्रकार सहसा करीत नाहीत. घर हा इतिहासाचा विषय नव्हे, अशीच आपली समजूत होऊन बसली आहे. आम्ही शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकविला. त्या पाठ्यपुस्तकांत लढाया आणि तह यांना जागा होती, स्वयंपाकघराला नव्हती. ही उणीव काही अंशी भरून काढावी, या हेतूने यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही श्रीमती रमाबाई रानडे यांचे चरित्र निवडले आहे. त्या आपल्या ज्ञातीच्या होत्या की नव्हत्या, हा प्रश्न येथे गौण आहे. ज्या घरात मुलगी नांदावयास जाते व ज्या घरात सून नांदावयास येते, त्या प्रत्येक घराशी या चरित्राचा संबंध आहे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी होते. आई औषधपाण्यात जाणती होती, आणि सायंकाळी मुलांना जवळ घेऊन पुराणांतील गोष्टी सांगे. मात्र मुलीच्या हाती पाटी देण्याची रीत त्या घरात नव्हती. लिहिता-वाचता येणाऱ्या मुलीच्या कपाळी वैधव्य येते, असा समज त्या काळी खेडोपाडी पसरलेला होता. मुलीने शिकावयाचे ते सारवण, रांगोळी, दळण-कांडण, निवडणे-टिपणे आणि मोठ्यांसमोर खाली मान घालून राहणे. यमुनेचे अकराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण एवढेच होते.

डिसेंबर १८७३ मध्ये तिचा विवाह पुण्याचे न्यायाधीश महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. वराचे वय ३१ वर्षांचे. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी निवर्तली होती. रानडे हे विधवाविवाहाच्या चळवळीतील अग्रणी असल्यामुळे ते आता विधवेशीच लग्न करतील, अशी धास्ती त्यांच्या वडिलांना वाटत होती. म्हणून वडिलांनी घाईने हा विवाह ठरविला, आणि पितृआज्ञेपुढे रानड्यांनी मान तुकविली. या गोष्टीवरून त्यांच्यावर जन्मभर टीका झाली. ती टीका अगदीच निराधार होती, असे आम्हांस म्हणता येत नाही. परंतु जी अजाण मुलगी पत्नी म्हणून घरात आली, तिला अजाण ठेवावयाचे नाही, हा निश्चय त्यांनी पहिल्याच दिवसांत केला व तो शेवटपर्यंत पाळला. सासरी सोडून जाताना वडिलांनी मुलीला एकच उपदेश केला होता : घर मोठे आहे, नाना स्वभावांची माणसे आहेत, सोसता आले नाही तरी सोसावे, आणि कोणाचीही चहाडी पतीच्या कानी घालू नये, कारण चहाड्यांनीच घरे बुडतात. हा उपदेश किती कठीण होता, हे पुढे दिसेलच.

आता ज्या घरात ही मुलगी आली, ते घर कसे होते हे पाहिले पाहिजे. त्या काळच्या पुण्यातील वाड्यात पुढे ओटी किंवा सोपा, मध्ये माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर व देवघर, बाजूस कोठीची खोली आणि सर्वांत मागे परसू, अशी सामान्यतः मांडणी असे. ओटी पुरुषांची, माजघर व त्याच्या मागचा भाग बायकांचा. स्वयंपाकघरात मातीची चूल व तिच्या शेजारी वैल. जळण म्हणजे लाकूडफाटा व गोवऱ्या. धूर बाहेर जावयास छपरातील एखादे धुराडे किंवा कौलांच्या फटी. फुंकणीने फुंकता फुंकता डोळे लाल होत. पीठ घरच्या जात्यावर, भात उखळात, वाटण पाट्यावर. भांडी तांब्यापितळेची; त्यांना वेळोवेळी कल्हई लागे आणि रोज राखेने ती घासावी लागत. वीस-पंचवीस पाने उठावयाची म्हणजे पहाटेपासून दुपारपर्यंत चूल विझत नसे.

या कष्टांवर सोवळ्याचा जाच वेगळाच. स्वयंपाक करणारीने स्नान करून, कोणाचा स्पर्श न झालेले, उंच काठीवर वाळविलेले लुगडे नेसावयाचे. मग जेवणे होईपर्यंत तिला कोणी शिवावयाचे नाही, पोटच्या लेकरानेसुद्धा नाही. प्रथम पुरुषांची पंगत, मग मुलांची आणि शेवटी बायकांची. उष्टी काढून शेणगोळा फिरविल्याशिवाय दुसरी पंगत बसत नसे. स्वच्छतेचा जो भाग या आचारात होता त्याला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु त्याच सोवळ्याने घरच्या सुनेला घरातच परके केले, आणि इतर जातींच्या माणसांना तर उंबऱ्याबाहेरच उभे केले. ही गोष्ट ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिताना आपण विशेष ध्यानात ठेवली पाहिजे.

अशा घरात रात्री सर्व कामे आटोपल्यावर रानड्यांनी पत्नीला पाटीवर श्रीगणेशा गिरवावयास शिकविले. मुलगी बुद्धीने चलाख होती. अक्षरे आली, जोडाक्षरे आली, पुस्तके वाचता येऊ लागली. पुढे स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातील एक शिक्षिका घरी येऊन शिकवू लागल्या. परंतु हे माजघरात खपले नाही. घरात सासू, नणंद व इतर आप्त स्त्रिया असा मोठा गोतावळा होता. त्यांच्या दृष्टीने नवऱ्याच्या खोलीत मोठ्याने वाचणारी सून म्हणजे निर्लज्जपणाची सीमा. टोमणे सुरू झाले, अबोला सुरू झाला. नवऱ्याने सांगितले तरी तू मनावर घेऊ नको, तो विसरून जाईल, असा सल्लाही मिळू लागला. रमाबाईंनी वडिलांचा उपदेश पाळला. कोणाला उलट उत्तर दिले नाही, पतीजवळ तक्रार नेली नाही. मात्र पाटीही सोडली नाही.

येथे आम्हांस एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. त्या घरातील जुन्या स्त्रियांना दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यांच्याकडेही न्यायाने पाहिले पाहिजे. ज्यांना जन्मभर चूल आणि सोवळे यांपलीकडे काहीही मिळाले नव्हते, त्यांच्यापैकी काही तर विधवा होऊन भावाच्या वा पुतण्याच्या आश्रयास राहिल्या होत्या. स्वयंपाकघर हे त्यांचे एकुलते एक राज्य. तेथे कोणी काय शिजवावे, कोणाला काय वाढावे, कोणाचा विटाळ झाला, हे ठरविण्याचा अधिकार तेवढा त्यांच्या हाती उरला होता. सून पुस्तक घेऊन बसली, म्हणजे ते राज्य सोडून चालली, आणि आपण जे सोसले ते तिला सोसावे लागणार नाही, हे त्यांना दिसत होते. ज्याला स्वतःला पाणी मिळाले नाही त्याला दुसऱ्याची तहान भागलेली सहन होत नाही. रमाबाईंनी हे ओळखले होते, असे त्यांच्या पुढील सर्व कार्यावरून आम्हांस वाटते.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकास झाली, व पुढील वर्षी धुळ्यास. नाशिकास रमाबाईंच्या हाती प्रथमच स्वतःचा संसार आला. घरखर्च त्यांच्याकडे सोपविण्यात आला, आणि त्याचा हिशेब लिहिण्याची शिस्तही पतीने लावून दिली. लिहिता येऊ लागलेल्या स्त्रीने प्रथम काय लिहिले, तर वाण्याचा आणि दूधवाल्याचा हिशेब, ही गोष्ट लहान वाटेल. परंतु ज्या घरात बाईला धान्याच्या कोठीची किल्ली मिळे पण पैशाचा आकडा कळत नसे, त्या काळी हे केवढे स्थित्यंतर होते! नाशिकासच त्यांनी मुलींच्या शाळेत लक्ष घातले, हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्त्रियांना एकत्र आणिले, आणि चारचौघांत बोलण्याचा धडा घेतला. पुढे शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखाली रानड्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरती करावी लागली, तेव्हा त्याही बरोबर हिंडल्या. मुक्कामागणिक तीन दगडांची चूल मांडावयाची आणि गावातील स्त्रियांशी ओळख करून घ्यावयाची, असा त्यांचा क्रम असे.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व आर्य महिला समाजाची स्थापना झाली. रमाबाई रानडे त्या समाजात जाऊ लागल्या. त्याच सुमारास एका इंग्रज बाईंकडून त्यांचे इंग्रजीचे शिक्षणही सुरू झाले. घरात नवा प्रश्न उभा राहिला. इंग्रज बाईला शिवलेली सून स्वयंपाकघरात कशी चालेल? धडा संपला की स्नान करावयाचे, असा नियम झाला. रमाबाईंनी तोही पाळला. १८८४ मध्ये मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी पुण्यात मोठी सभा भरली. तीत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे इंग्रजीत लिहिलेला विनंतीलेख वाचण्याचे काम रमाबाईंनी केले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला ती शाळा निघाली, तीच हुजूरपागेची मुलींची शाळा. ज्या बाईच्या वाचनाची सभेत वाहवा झाली, तिला घरी परत आल्यावर माजघरात शेलक्या शब्दांचा अहेर मिळाला. पतीचा सल्ला एवढाच की, बोलणाऱ्यांना बोलू द्यावे, आपण निमूट ऐकावे आणि आपले काम सोडू नये.

रानड्यांचे खाणेपिणे अत्यंत संयमाचे होते. लहानपणी आईने एक मोठा व एक लहान असे बर्फीचे दोन तुकडे हाती देऊन, एक आपण खा व एक मोलकरणीच्या मुलाला दे, असे सांगितले असता त्यांनी मोठा तुकडा त्या मुलाला दिला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पुढे मोठेपणी एकदा घरी उत्तम आंबे आले असता त्यांनी थोड्याच फोडी खाल्ल्या व हात आखडता घेतला. रमाबाईंना वाटले, आंबा आवडला नाही. परंतु कारण निराळेच होते. जिभेला जे फार आवडते तेथेच थांबावयास शिकले पाहिजे, असा त्यांचा नेम होता. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला असा जेवणारा लाभणे हे सुखाचे की दुःखाचे, याचा निर्णय आमच्या भगिनी-वाचकांनी करावा!

याच काळात चहाच्या पेल्याने पुण्यात वादळ उठविले. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये झालेल्या समारंभात पुण्याच्या कित्येक प्रतिष्ठित मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली. नावे वर्तमानपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि त्या मंडळींवर ग्रामण्य आले. रानड्यांचे नाव त्यांत होतेच. इतिहासात या प्रकरणाची चर्चा लोकमान्य व रानडे यांच्या मतभेदांच्या अंगाने होते. परंतु त्याची खरी झळ लागली ती स्वयंपाकघरांना. श्राद्धपक्षाला भिक्षुक मिळेनात, स्वयंपाकाला आचारी मिळेनात, लग्न झालेल्या मुलींना माहेरी येण्याची चोरी झाली. सभेत गेले पुरुष, आणि घरी बसून शिक्षा भोगली बायकांनी. शेवटी १८९२ मध्ये मित्रांच्या अडचणींकडे पाहून रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना ते रुचले नाही व त्यांनी आपली नाराजी लपविली नाही. पाटीवर श्रीगणेशा गिरविणारी मुलगी आता स्वतःचे मत असलेली स्त्री झाली होती.

१८९३ मध्ये रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले व बिऱ्हाड मुंबईस गेले. तेथेही रमाबाईंनी स्त्रियांसाठी भाषा, सामान्यज्ञान, शिवण व हस्तकला यांचे वर्ग चालविले. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाईंचे वय तेव्हा अवघे ३८. पोटी संतान नव्हते. त्या पुण्यास आपल्या घरी परत आल्या, आणि वर्षभर जवळजवळ एकांतात राहिल्या. त्या काळच्या विधवेच्या नशिबी काय असे, हे सर्वांस ठाऊक आहे. पहाटे उठून सर्वांचा स्वयंपाक करावयाचा व स्वतः एकभुक्त राहावयाचे. घरातील सर्वांत जड काम तिचे आणि सर्वांत हलका मान तिचा. ज्या माजघराने रमाबाईंना एके काळी छळले, त्या माजघराच्या कोपऱ्यात बसून उरलेले आयुष्य त्यांना काढता आले असते. त्यांनी तसे केले नाही.

१९०८ मध्ये मुंबईस बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांच्या पुढाकाराने सेवासदन निघाले. त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्याच्या सेवासदनाची स्थापना झाली. या कामी गोपाळ कृष्ण देवधर यांचे मोठे साहाय्य होते. पुण्यातील कार्याला रमाबाईंनी स्वतःचे राहते घर दिले. ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. जेथे एका सुनेला अक्षर शिकल्याबद्दल बोलणी खावी लागली होती, त्याच रानड्यांच्या घराण्यातील वास्तूत परक्या घरच्या सुना व लेकी उजळ माथ्याने शिकू लागल्या. मराठी लेखन-वाचन, शिवणकाम, प्रथमोपचार, आजाऱ्याची शुश्रूषा असे विषय होते. शिक्षणाचे स्वरूप पाहा. घरात जे काम बायका फुकट व अपमान सोसून करीत, त्याच कामाला रमाबाईंनी विद्येचे व व्यवसायाचे रूप दिले. आजाऱ्याजवळ रात्र रात्र बसणारी विधवा आत्या घरात ओझे समजली जाई. तीच शिकून परिचारिका झाली म्हणजे तिला पगार व मान मिळे. सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा समाजाने नाके मुरडली. रमाबाईंना नाके मुरडलेली पाहण्याची सवय होती. पुढे शिक्षिकांसाठी ट्रेनिंग कॉलेज व मुलींसाठी वसतिगृहेही निघाली. बाहेरगावच्या विधवांना राहावयास जागा नसती, तर वर्ग उघडून काय उपयोग?

१९१० मध्ये रमाबाईंचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची प्रस्तावना नामदार गोखले यांनी लिहिली. न्यायमूर्तींचे चरित्र म्हणून लोकांनी ते हाती घेतले. परंतु आज आपण ते वाचतो तेव्हा आपल्याला त्यात एक घर दिसते, आणि त्या घरातील माणसे बोलताना ऐकू येतात. योगायोग असा की, त्याच वर्षी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ हे पाकक्रियांचे पुस्तकही निघाले. एकीने घर कसे चालते ते लिहिले, दुसरीने चुलीवर काय शिजते ते लिहिले. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी राहिलेले बायकांचे ज्ञान त्या वर्षी कागदावर उतरले. हे घडले ते बायकांच्या हाती लेखणी आली म्हणून.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी तुरुंगातील स्त्री-कैद्यांची विचारपूस केली, रुग्णालयांतून फळे-फुले वाटली, आळंदीच्या यात्रेत स्त्रियांच्या मदतीसाठी स्वयंसेविका नेल्या. मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी व स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या झटल्या. १९२४ मध्ये त्यांनी देह ठेवला. १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, आणि २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे त्यांचे नाव पुन्हा घरोघर पोहोचले.

आता या चरित्रापासून आपण काय घ्यावे? रमाबाईंच्या वेळची चूल आता नाही. १८९२ साली स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस स्टोव्ह आपल्याकडे आला आणि त्याने धूर कमी केला. १९५५ मध्ये मुंबईत सिलिंडरचा गॅस मिळू लागला. जात्याची जागा गिरणीने आणि पाट्याची जागा मिक्सरने घेतली. ओटा उंच झाला, बाई उभी राहिली. या सुधारणा होण्यास शंभर वर्षेही लागली नाहीत. परंतु सर्वांना वाढून मागाहून जेवणारी स्त्री आपल्या घरांतून नाहीशी झाली काय? मुलगा अभ्यासाला बसला तर त्याला हाक मारू नये आणि मुलगी अभ्यासाला बसली तर तिला कोथिंबीर निवडावयास बोलवावे, ही रीत गेली काय? ज्या पंगतीत कोणी कोणाशेजारी बसावे याचा विचार होतो, ती पंगत आपण पूर्णपणे मोडली काय? लोखंड, तेल आणि गॅस यांनी चूल बदलली. मनातील माजघर बदलणे हे माणसांचेच काम आहे.

यास्तव ज्ञातीतील कुटुंबांना आमच्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली ही की, आपल्या घरातील वृद्ध स्त्रियांना जवळ बसवून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्या. त्यांनी काय शिजविले, काय सोसले, काय शिकावयाचे राहून गेले, हे सारे लिहून घ्यावे. त्या गेल्या म्हणजे तो इतिहास गेला. दुसरी सूचना त्याहून सोपी आणि त्याहून कठीण आहे. आज रात्री घरातील सर्वांनी, स्वयंपाक करणारीसह, एकाच वेळी पानावर बसावे. न्यायमूर्तींनी पाटीपासून आरंभ केला. आपण पानापासून करू. एवढे झाले तरी या थोर साध्वीचे पुण्यस्मरण सार्थकी लागले, असे आम्ही समजू.